पल्याडच्या काठावरची शिवी

आमच्या गावात मला कुणी शिवी देत नाही, हे माझं लहानपणापासूनचं दुःख. ऐकणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो, म्हणून मी सहसा ते कुणाला सांगत नसे. पण जळगावात वैशाखाचं ऊन तापू लागलं, भाजीबाजारात कैऱ्यांचे ढीग पडले, हातगाड्यांवरून खरबुजांचा वास यायला लागला, की हे दुःख दरवर्षी न चुकता वर यायचं. यंदा मात्र आलं नाही. कैऱ्या आल्या, खरबुजं आली, कुलरला नवा वाळा लावून झाला, आणि मी आपली मजेत. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, तोंडावर आली आणि काल सिंधूचा फोन आला. सिंधू म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याच वयाची, आता नातवंडांची आजी. फोनवर ती नमस्कार-चमत्कार काही करत नाही.

"आखाजीले येशी ना वं? का कुलरनी हवा खात बठशी?"

"येणार म्हणजे काय, येणारच," मी म्हटलं. नेहमीसारखं शुद्ध मराठीत.

कारण मला अहिराणी बोलता येत नाही. खानदेशात जन्मले, खानदेशात वाढले, लग्न करून राहिले तीही खानदेशातच. धुळे, पाचोरा, जळगाव यांच्यापलीकडे माझं पाऊल फारसं पडलं नाही. आणि तरी जिथे नाळ पुरली तिथली बोली माझ्या तोंडात नाही. कानात आहे, भरपूर आहे. कुणी कितीही भरभर बोललं तरी मला सगळं समजतं. विनोद झाला तर हसणारी मी पहिली असते. पण उत्तर द्यायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते आणि तोंडातून बाहेर पडतं ते क्रमिक पुस्तक. कळतं पण वळत नाही, ही म्हण ज्याने केली त्याला माझ्यासारखीच एखादी भेटली असणार.

याला कारण आमचे आबा, म्हणजे माझे वडील. शिंदखेड्याच्या पुढे नदीकाठी आमचं गाव. तिथून आबा मास्तरकी शिकायला बाहेर पडले तेव्हा त्यांच्या तोंडी अहिराणीशिवाय दुसरं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारलं, सगळे आले का? आबा उभे राहून म्हणाले, "बठ्ठा उनात." वर्ग जो हसला तो वर्षभर हसत राहिला. आबांना नावच पडलं, बठ्ठा. हे आबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने सांगितलं. पुढे पाचोऱ्याला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, आणि आईच्या माहेरची, पूर्वेकडची बोली निघाली आणखीनच वेगळी. आई तिच्या तऱ्हेने बोले, आबा त्यांच्या, आणि मीठ मागितलं तरी दोघांत वाद होई. शेवटी आबांनी दोन्ही बोली उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि घरात पुस्तकातली मराठी आणली. मला त्यांचा राग कधी आला नाही. आपल्याला हसले तसे लोक आपल्या पोरांना हसू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं.

गंमत अशी की आमच्या पाचोऱ्याच्या गल्लीत अहिराणी बोलणारं एक घर होतं आणि ते होतं जमीलाचाचीचं. चाचीचं माहेर दोंडाईच्याचं. नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान, आणि आखाजी जवळ आली की चाची स्वतः टोपली घेऊन ओट्यावर बसायची. आमच्याशी तिचं हिंदी चाले, पण पश्चिमेकडची एखादी लेकुरवाळी आली की लगेच, "ये वं माय, हात दे. कोनता रंग जोयजे तुले?" मी बाजूला बसून ऐकत राहायची. चाचीला माझं भारी नवल वाटायचं. माझा हात दाबून दाबून बांगडी चढवताना ती म्हणायची, "अगे, तू तो वहाँ की पैदाइश, और तेरेकोच नहीं आती?" मग ती मला शिकवायला घ्यायची. माझ्या तोंडून एक वाक्य निघालं की तिची टोपली हसण्याने हलायची, आणि बांगड्या किणकिणायच्या. शिकणं तिथेच थांबायचं.

आखाजीला आम्ही सुरतेच्या गाडीने गावी जायचो. पाचोऱ्याहून जळगाव, तिथे गाडी बदलायची, खिडकीशी बसायला भावाबरोबर भांडायचं. धरणगाव जाईपर्यंत आबा मास्तरच असायचे. खिडकीतून हात बाहेर काढू नकोस, पाणी जपून पी, सगळं व्याकरणात बसणारं. अमळनेर मागे पडलं की त्यांच्या शर्टाचं वरचं बटण निघायचं. मग पाय बाकावर यायचे. मग समोरचा कुणी धोतरवाला ओळखीचा निघायचा आणि विचारायचा, "कोठे व्हतात मास्तर इतला दिन?" आणि आबा म्हणायचे, "आठेच शे ना भाऊ, कोठे जासू?"

तो आवाज वेगळाच होता. घरातल्या आवाजापेक्षा जाड, मोकळा, थोडा मोठा. त्या आवाजात आबा हसायचे, मांडीवर थाप मारायचे, कुणाच्या तरी म्हशीची चौकशी करायचे. मी आणि भाऊ टकमक बघत बसायचो. पाचोऱ्याच्या घरात आबा वाईट नव्हते, पण असे हसायचे नाहीत. मला वाटायचं, ही बोली मला आली तर मीही अशीच हसेन.

गावाकडची आखाजी म्हणजे लेकीबाळींची. दिवाळीला एखादी लेक नाही आली तर चालतं, आखाजीला यायलाच हवी. तिचा भाऊ मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जातो, आणि मुऱ्हाळी आल्याशिवाय लेकीने निघायचं नाही असा रिवाज. घरात पितरांसाठी घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, आंबे ठेवायचे. चुलीवर पालथं खापर चढवून त्याच्यावर पुरणाच्या पोळ्या व्हायच्या. अक्का ती पोळी लाटण्याने लाटत नसे, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठी करायची, आणि ती कोपरापर्यंत आली की खापरावर टाकायची. धुराने तिचे डोळे लाल असायचे आणि तोंड अखंड चालू. अक्काला वैधव्य फार लवकर आलं, ती माहेरीच राहिली, आणि घर तिच्याच शब्दावर चालायचं. निंबाच्या झाडाला दोर बांधून झोका. झोक्यावर दोघी उभ्या राहायच्या, खाली बाकीच्या गाणी म्हणायच्या, निंबाचा मोहोर आमच्या वेण्यांत पडायचा. पुरुष कुठेतरी सावलीत पत्ते कुटत बसलेले असायचे. त्या दिवसांत त्यांना कुणी विचारत नाही, आणि त्यांनाही ते बरंच वाटतं.

आणि मग दुसऱ्या दिवशी ऊन कललं की बार.

बार म्हणजे काय, हे परमुलखातल्या माणसाला सांगितलं की तो आधी दचकतो. गौराई बोळवायला आमच्या गावच्या बायका-पोरी नदीवर जातात. नदीच्या पल्याड दुसरं गाव, त्यांचीही गौराई त्याच वेळी येते. मध्ये कोरडी वाळू, डोहापुरतं पाणी. दोन्ही काठांवर दोन फळ्या उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या घालायला सुरुवात होते. घाण शिव्या नव्हेत. ठेक्यात, तालात, हात नाचवून, कधी जुळवून म्हटलेल्या. तुमन्या भाकरी जाड, तुमना नवरा लबाड. तुमच्या गावची विहीर, तुमच्या सासूचं नाक, तुझ्या बापाचं धोतर, तुझ्या आईचा आळस. काही सुटत नाही. जिला उत्तर सुचलं नाही ती हरली. आणि हे सगळं संपलं की दोन्हीकडच्या बायका वाळूत उतरतात, मधोमध भेटतात, आणि पदराखालच्या सांजोऱ्या एकमेकींना देतात. कारण पल्याडच्या निम्म्या लेकी आमच्या गावात दिलेल्या आणि आमच्या त्यांच्याकडे. वर्षभराचं जे काही मनात साचलेलं असतं ते त्या एका संध्याकाळी नदीत सोडून द्यायचं, मग पुढचं वर्षभर एकमेकींना गोड बोलायला मोकळ्या.

बारात एक गोष्ट मी फार लवकर ओळखली. शिवी नाव घेऊन देतात. "ए सिंधी, झोकावरतीन पडेल पोर!" असं पल्याडून आलं की सिंधूचं तोंड फुलायचं. दोन गावांना माहीत असलेली पोर म्हणजे सिंधू. तिचा बाप कोण, ती कधी झोक्यावरून पडली, तिची भाकर कशी होते, हे पल्याडच्या काठालासुद्धा ठाऊक. तिच्या नावाची शिवी आली नाही असं एक साल गेलं नाही.

मी पाचवी-सहावीत असेन. त्या वर्षी मी ठरवून गेले होते की आपण बोलायचंच. पल्याड यमुना नावाची एक उंच, काटकुळी पोर होती, दोन वेण्या, आवाज पितळी ताटासारखा खणखणीत. ती आमच्या एकेकीला नाव घेऊन झोडत होती. मी सिंधूच्या पुढे झाले, हात कमरेवर ठेवले, आणि ओरडले, "तुम्ही फार वाईट मुली आहात! तुम्हाला लाज वाटायला पाहिजे!"

 दोन्ही काठ हसले. आमचा काठ जास्त हसला, हे मला अजून आठवतं. पल्याडची एक पोर काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, तर यमुनेने तिला हात आडवा धरून थांबवलं आणि म्हणाली, "ए, तिले काही बोलू नका वं. पाव्हनी शे ती. मास्तरनी पोर."

तिने हे चांगल्या मनाने केलं. पाहुणीला कोण शिवी देतं? पण मी तिथे वाळूतच बसले आणि रडायला लागले. अक्काने मला ओढून जवळ घेतलं. "रडस कसाले? शिवी नई दिधी म्हनीसन कोनी रडस का?" तिचं म्हणणं बरोबरच होतं. जगात आजवर शिवी मिळाली नाही म्हणून कुणी रडलं नसेल. मी काय सांगणार? आणि सांगायचं तरी कोणत्या बोलीत?

त्या दिवसापासून मी पाहुणी झाले ती झालेच. आखाजीला दरवर्षी जायची, पण कान न तुटलेला कप मला मिळायचा, बाकीच्यांना पितळी वाट्या. जेवायला मला पाट, बाकीच्या भुईवर. मी घागर उचलायला गेले की कुणीतरी धावत यायचं, "ऱ्हाऊ दे, तुले जमाव नई." बारात मी काठावर मागे उभी राहायची. शेजारणींच्या नावाने शिव्या यायच्या आणि माझ्या डोक्यावरून जायच्या. लग्नाच्या मुली झालो, सासुरवाशिणी झालो, लेकुरवाळ्या झालो. सिंधूला यमुनेने तिच्या नवऱ्यावरून, पोरांवरून, वाढलेल्या वजनावरून यथेच्छ बोलून घेतलं. मला कधी काही नाही. माझंही वजन वाढलं होतं.

आबा निवृत्त झाले आणि जळगावला माझ्याजवळच राहायला आले, तेव्हा मात्र घरात थोडी अहिराणी आली. रोज संध्याकाळी ते गच्चीत खुर्ची टाकून अक्काला फोन लावायचे. मी शेजारी लसूण सोलत बसायची. बोलणं काहीच नसायचं. आज काय खाल्लं, निंबाला मोहोर आला का, कोण वारलं, कुणाची सोयरिक जमली. पण तोच तो जाड, मोकळा आवाज. माझ्याशी बोलताना ते पुन्हा मास्तर व्हायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "आबा, माझ्याशीही बोला ना तसं." त्यांनी फोन खिशात ठेवला. मग हसून म्हणाले, "आता जीभ वळत नाही गं तुझ्याशी. तुझं तोंड दिसलं की आपोआप शुद्ध येतं." दोघंही हसलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं मला वाटलं, पण गच्चीवर ऊनही होतं.

आबा गेले आणि गच्चीतली खुर्ची आत आली. अक्काचा फोन यायचा, पण ती काय बोलणार आणि मी काय बोलणार? ती अहिराणीत विचारायची, मी मराठीत सांगायची, आणि मध्ये आबा नसायचे. भाऊ दूर बंगळुरूला. मुऱ्हाळी म्हणून येणार कोण? त्या वर्षी मी आखाजीला गेले नाही. पुढच्याही वर्षी नाही. मनात एकच यायचं, की आबा होते तोवर मी मास्तरांची मुलगी म्हणून जात होते. आता कोण म्हणून जाऊ? बोली येत नाही, बाप नाही, आणि शिवी द्यायलाही कुणी आपलं समजत नाही. आपण न जाण्याने त्या काठावर काही कमी होत नसेल, ही कल्पना फार वाईट होती. ती मनातून काढण्यासाठी मी त्या आठवड्यात पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे असं काहीबाही काढून बसायची. इतके बिबडे झाले की शेजारीपाजारी वाटून पुन्हा उरले.

गेल्या वर्षी आखाजीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, दारात अक्का उभी. हातात काठी, डोक्यावरून पदर, काखेत पिशवी. या वयात एकटी एसटीने, धुळ्याला गाडी बदलून आली होती. म्हाताऱ्यांना तिकीट नाही म्हणून वर कौतुकही सांगत होती. मी घाबरून विचारलं, काय झालं, कोण आजारी आहे? तिने आधी माठातलं पाणी मागितलं, प्यायली, पदराने तोंड पुसलं.

"चाल," ती म्हणाली. "मी मुऱ्हाळी उनू."

मुऱ्हाळी भाऊच असतो. म्हातारी आत्या मुऱ्हाळी होऊन भाचीला न्यायला आल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. मी तसं म्हणालेसुद्धा. तर अक्का म्हणाली, "तुना बाप मना भाऊ. त्याना बदला मीच. भर पिशवी." मी स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून पोटभर रडले, आणि मग पिशवी भरली. आमच्या ह्यांना काही कळेना. ते म्हणाले, "इतक्या उन्हात तिकडे जाऊन करणार काय?" मी म्हटलं, "शिव्या ऐकायला जाते." त्यांनी पेपर वर धरला आणि पुढे काही विचारलं नाही.

गाव बरंच बदललंय. निंबाखाली सिमेंटचा ओटा झाला, खापराऐवजी अर्ध्या घरांत विकतच्या पोळ्या. झोका मात्र होता. पोरी झोक्यावर उभ्या राहून मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ काढत होत्या. सिंधूच्या नातीला मी विचारलं, "तुला अहिराणी येते का गं?" ती म्हणाली, "समजते, बोलता नाही येत." मी तिचा गालगुच्चा घेतला. माझ्या वंशाला कुणीतरी निघालं म्हणायचं.

एसटीत येताना मी अक्काशेजारी बसून मनातल्या मनात एक वाक्य तयार केलं होतं. साधंच, यमुनेच्या गावाच्या पाण्याबद्दल, पण अहिराणीत. पूर्ण वाटेने घोकलं. न्हाणीत म्हणून पाहिलं, झोक्याजवळ पुटपुटलं. 

ऊन कललं. आम्ही गौराई घेऊन नदीवर गेलो. पूर्वीएवढ्या बायका नव्हत्या, पण होत्या. अक्काला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वाळूपर्यंत नेलं. पल्याडही एक खुर्ची दिसत होती, शेजारी कमरेवर हात ठेवून एक उंच बाई उभी. काटकुळी राहिली नव्हती, केस पांढरे झाले होते, पण तो उभं राहण्याचा झोक मी विसरणार नव्हते. यमुना.

बार अक्का सुरू करते. वर्षानुवर्षं तीच करते. तिने सुरुवात केली, पण आवाज खुर्चीच्या पुढे जाईना. पल्याडचा काठ कान देऊन उभा राहिला. अक्काने पुन्हा प्रयत्न केला, खोकली, आणि मग काठीने माझ्या पायाला ढोसलं.

"मना घसा बठी गया. तू बोल."

"मी? अक्का, सिंधू आहे ना..."

"सिंधीनं बठ्ठासनी आयकेल शे. तू बोल."

मी पुढे झाले. घोकलेलं वाक्य आठवायला लागले, तर ते नव्हतंच. शब्द एकेक करून पळाले, शाळा सुटल्यासारखे. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आमच्याही आणि त्यांच्याही.  मला वाटलं, आता पुन्हा सगळ्या हसणार, आणि पुन्हा यमुना हात आडवा धरणार. आणि मग माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते माझं होतं. माझ्या आवाजात, माझ्या मराठीत, आबा वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचे तेवढ्या मोठ्याने.

"काय गं यमुने! सगळा जन्म गेला, तरी तुमच्या गावाला भांडायला अजून आमच्याच नदीवर यावं लागतं? तुमच्याकडे पाणी नाही ते नाही, एक धड शिवीसुद्धा नाही! मला एक द्यायची राहिली होती, ती अजून सापडली नाही का?"

कुणी हसलं नाही. पल्याड कुजबुज झाली. यमुनेने हात डोळ्यांवर धरून नीट पाहिलं.

"कोन बोली ऱ्हायनं वं ते? मास्तरनी पोर ना?"

"तीच!" इकडून सिंधू ओरडली.

यमुनेने पदर खोचला.  तिचा हात आडवा होतो की काय, एवढंच मी बघत होते. तो हात वर गेला.

"दखा वं दखा! मास्तरनी शैली! केस पिकनात, दात हालनात, तरी जीभ आजून सरकारीच शे! बाप आपली बोली संगे लई गया, आनि हाई पोर आठे धडा वाचाले उनी!"

पल्याडचा काठ खदखदून हसला. आमचाही हसला. आणि मी? मला ती लागली. जिथे लागायला हवी होती नेमकी तिथेच लागली, आबांच्या नावाच्या जागी. डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याच वेळी इतकं हसू आलं की मला सिंधूच्या खांद्याला धरावं लागलं. शैली. मला शैला म्हणणारे सगळे, शैलाताई म्हणणारे काही, पण शैली म्हणणारं त्या क्षणापर्यंत कुणी नव्हतं.

"लागनी ना वं?" सिंधूने कानात विचारलं.

"लागली," मी म्हटलं. "खूप लागली."

"मंग दे ना परत! उभी काय ऱ्हायनी?"

मी दिली. जमेल तशी दिली, मराठीतच दिली. यमुनेच्या पांढऱ्या केसांवर बोलले, तिच्या पितळी आवाजावर बोलले. तिने माझ्या पोटावर, माझ्या चष्म्यावर, माझ्या बिबड्यांवर तोंड टाकलं. बिबड्यांचं तिला कुणी सांगितलं देव जाणे; सिंधूनेच फितुरी केली असणार. आमच्या काठावरच्या पोरी माझी वाक्यं उचलून ठेक्यात म्हणायला लागल्या, "एक धड शिवीसुद्धा नाही!" आणि अक्का खुर्चीत बसून काठी वाळूवर आपटत होती.

बार संपला. गौराई पाण्यात गेली. सगळ्या वाळूत उतरल्या. यमुना माझ्यासमोर आली तेव्हा तिला धाप लागली होती, मलाही. तिने पदराखालून सांजोरी काढून माझ्या हातावर ठेवली. रव्याचं सारण, गुळाचं, वेलदोडा जरा जास्त. मी खात खात विचारलं, "लहानपणी मला बोलू दिलं नाहीस, आणि आज कशी बोललीस?"

यमुनेला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तवय तू पाव्हनी व्हती," ती म्हणाली. "आते इतला साल व्हयनात, तू फिरी फिरी येस. दोन साल उनी नई, ते आमले गोड लागनं नई. पाव्हनं असं फिरी फिरी येस का कधी?"

 म्हणजे त्या दोन वर्षांत त्या काठावर काहीतरी कमी पडलं होतं. मी तिचा हात धरून उभी राहिले. बाजूला अक्का कुणाला तरी सांगत होती की मुऱ्हाळीचं काम तिने कसं केलं, एसटीत कंडक्टरने कशी जागा करून दिली.

हे सगळं काल सिंधूशी बोलताना पुन्हा आठवलं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, यमुना विचारत होती. मी म्हटलं, काय विचारत होती? सिंधूने यमुनेचा आवाज काढला, पितळी ताटासारखा.

"मास्तरनी शैलीले सांगजो, ये म्हना. तिले आखो गैरं बोलनं बाकी शे."

अजून पुष्कळ बोलायचं राहिलंय म्हणे मला. मुऱ्हाळी म्हणून यंदाही अक्काच येणार आहे, गुरुवारी दुपारच्या एसटीने. मी माठ भरून ठेवला आहे आणि बिबड्यांचा डबा पिशवीत सगळ्यात वर ठेवला आहे, म्हणजे पल्याडच्या काठाला शिव्या द्यायला सोपं जाईल.